मामाची मांडी

नाथाजी सुभेदारांच्या घरात आफ्रिकेवर बोलायचा अधिकार एकट्या नाथाजींचा होता. शांतिसेनेच्या तुकडीतून ते वर्षभर कांगोत राहून आले, त्याला आता वीस वर्षं होत आली. पण त्यानंतर म्हैस आटली, ऊस लोळला, कुणाचं लग्न ठरलं, विषय कुठलाही निघो, सुरुवात "कांगोत असताना आमी" इथूनच व्हायची. पारावर लोक त्यांना मागून 'कांगो सुभेदार' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आणि देवाची करणी अशी, की एकुलती एक लेक लग्न करून नवऱ्यामागं राहायला गेली ती नेमकी कांगोतच. त्या दिवसापासून सुभेदारांनी कांगोचं नाव टाकलं. शांतिसेनेची निळी टोपी हॉलमधल्या खिळ्यावरून उतरून काळ्या ट्रंकेत गेली, ट्रंकेला कुलूप लागलं आणि किल्ली सुभेदारांच्या करदोट्याला गेली. या गोष्टीला आता पाच वर्षं झाली होती. पूर्वी जे ऐकून त्यांच्या बायकोचे, बनुबाईचे, कान किटायचे, ते पुन्हा एकदा ऐकू यावं असं तिला अलीकडं फार वाटायचं.

भांडण तसं साधं होतं. लेकीनं, अंकितानं, मल्हारशी लग्न केलं. पोरगा बोअरवेलच्या कंपनीत इंजिनियर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, बोलायला मऊ. पण आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला, म्हणजे आपल्यातला नव्हे. सुभेदार उंबऱ्यात उभे राहून, चार शेतं पलीकडं ऐकू जाईल अशा परेडच्या आवाजात म्हणाले होते, "ह्या उंबऱ्याच्या आत ती पुन्यांदा पाय ठेवणार न्हाई." झालं. कोर्टात निदान पुढची तारीख मिळते, सुभेदारांच्या शब्दाला तेवढीही सोय नव्हती.

तेव्हापासून बनुबाई लेकीला बघायची ती सुनेच्या मोबाईलवर आणि गोठ्यात. नातू बघितला तोही तिथंच. प्रांजल आता तिनाचा व्हायला आला होता, केस खांद्यापर्यंत, वर लाल रबर. आज्जी कायम म्हशींच्या मधोमध उभी दिसत असल्यामुळं ती तिथंच राहते असा त्या पोराचा समज झाला होता. त्याला उराशी धरायचं एवढी एकच इच्छा बनुबाईला उरली होती, आणि ती कुणापुढं बोलायची सोय नव्हती. तिचं फिरणं म्हणजे जोतिबा, तुळजापूर, मिरजेचा दवाखाना आणि तीन वर्षांपूर्वी एकदा पेन्शनच्या कामासाठी सांगलीचं पोस्ट. येताना सुभेदारांनी भडंग घेतलं होतं. त्यापलीकडं जग तिनं पाहिलं नव्हतं.

अशा घरात त्या मंगळवारी दुपारी बाळासो आले.

उसाला तोड आली होती, थोरला ऋषिराज शेतात टोळीवर उभा होता, आणि पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडं, काखेत डाळिंबाचं खोकं घेऊन एक उंचापुरा म्हातारा बांधावरून सरळ बंगल्याकडं आला. मल्हारचा बाप. लग्नानंतर पाच वर्षांत या घराची पायरी चढलेला तिकडचा हा पहिला माणूस. सुभेदार व्हरांड्यातच बसले होते. ते काही बोलायच्या आत बनुबाईनं पाण्याचा तांब्या आणून पाहुण्याच्या हातात दिला. एकदा पाणी पाजल्यावर माणसाला जा म्हणता येत नाही, हे तिला माहीत होतं आणि सुभेदारांनाही.

सुभेदारांनी छताच्या पंख्याकडं नजर लावली. "शंभू, पाव्हण्यांना इचार, कसं येणं केलं."

धाकटा शंभूराज फौजेत नाईक होता आणि महिन्याच्या रजेवर आला होता. तो बिचारा दोघांच्या मधल्या खुर्चीत सापडला. त्यानं तोंड उघडायच्या आत बाळासोंनीही त्याच्याचकडं बघून उत्तर दिलं.

"सुबेदारास्नी सांगा, नातवाच्या कामासाठी आलूया. पोराचं जावळ अजून डोक्यावर हाय. पयल्या वर्सात काढायचं ऱ्हायलं, दुसरं वरीस सम आकड्याचं म्हणून ऱ्हायलं. आता अठ्ठावीस मार्चला तिसरं सरतंय. त्याच्या आत न्हाई निघालं तर पाचव्यापातूर थांबाय लागंल. तिथली लोकं आताच इचारत्यात, पोरगी हाय का पोरगा."

"मग काढा म्हणावं," सुभेदार पंख्याला म्हणाले.

"मल्हारला दिवाळीपातूर सुट्टी न्हाई. तवा जावळ तिथंच किन्शासात काढायचं, नदीच्या काठाला. निम्मं केस तिथल्या नदीत, निम्मं माझ्याकडं यायचं, मी बिरोबाला वाहणार. सगळं जमलंय. मामा तेवढा पायजे."

जावळाची पहिली बट कापताना पोर मामाच्या मांडीवर असावं लागतं. हे उसाच्या पट्ट्यात जसं तसंच मेंढरांच्या माळावर. पाच वर्षांत दोन्ही घरांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

"तिकडनं बोलावण्याची चिठ्ठी काढाय लागती," बाळासो पुढं म्हणाले. "त्यात येणाऱ्याचं नाव लागतंय. कचेरीत तीन आठवडं जात्यात. म्हणून म्हणलं, आपुन जावं आन् मामाचं नाव घिऊन यावं. आज सांजच्याला पोराला कळवायचंय."

"मी जातो की," शंभू म्हणाला.

बनुबाईनं मनातल्या मनात जोतिबाला हात जोडले. पण सुभेदारांची नजर पंख्यावरून खाली आली.

"बसा खाली, नाईक. फौजेतल्या माणसाला देशाबाहेर जायचं म्हणजे परवानगी कुठंपातूर वर जाती, ठाव हाय न्हवं? चार महिनं. चौकशी येगळी. जावळ काय तुमच्या कर्नलसाठी थांबणार हाय?"

शंभू पुन्हा खुर्चीत बसला. बनुबाईनं मात्र एक गोष्ट मनात टिपून ठेवली. 'कुणी जायचं न्हाई' असं नवरा म्हणाला नव्हता. 'तुला जमणार न्हाई' एवढंच म्हणाला होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला यातला फरक कळतो.

राहिला ऋषिराज. त्याला शेतातून बोलावणं गेलं. तो आला तो पांढऱ्या कडक कपड्यात, कारण साखर कारखान्याच्या संचालकपदाला तो उभा राहणार होता आणि उमेदवारानं उसाच्या फडातही इस्त्री मोडायची नसते. सगळं ऐकून त्यानं हात जोडले.

"पाव्हणं, तुमचा मान हाय. पण मी गेलो तर आपल्यातली लोकं काय म्हणतील? तोंडावर निवडणूक हाय."

"निवडणुकीत पोराचं केस उभं हाईत व्हय?" चहाचा ट्रे घेऊन आलेली राजेश्वरी म्हणाली. ती ऋषिराजची बायको, कराडच्या कॉलेजातून शिकून आलेली, आणि गोठ्यातल्या फोनचं सगळं नियोजन तिचंच.

"तू मधी बोलू नगंस. मी त्यावर उपाय काढलाय." ऋषिराजनं आवाज भाषणाला लावला. "पूर्वी नवरा लढाईवर असला की त्याच्या तलवारीसंगं लगीन लावायचे. तसा मी माझा फेटा पाठवतो. कुरियरनं. पोराला फेट्यावर बसवा. मामाचा मान बी ऱ्हायला आन् मामा बी ऱ्हायला."

बाळासोंनी बशीतला चहा शांतपणे संपवला. मग बशी खाली ठेवली.

"फेट्याला मांडी असती व्हय, पाव्हणं?"

सुभेदारांना हसू फुटलं. त्यांनी लगेच ते खोकल्यावर ढकललं, पण बनुबाईनं पाहायचं ते पाहिलं.

"जमतंय का बघा की दादा," शंभू भाबडेपणानं म्हणाला. "तुमचा तर पासपोर्ट बी हाय."

ऋषिराजनं भावाकडं अशी नजर टाकली की शंभूला आपलं काय चुकलं ते लगेच कळलं. पण बाण सुटला होता.

"कुणाचा पासपोर्ट?" राजेश्वरीनं विचारलं. "ह्यांचा? आन् मला ठाव न्हाई?"

"असाच काढून ठेवलाय. हल्ली लागतोय."

"कुठाय त्यो?"

तो ऋषिराजच्या कपाटात सोसायटीच्या फायलींच्या मागं सापडला. राजेश्वरीनं तो उभ्या उभ्या चाळला. एका पानावर ती थांबली, तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं.

"आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमी कोइमतूरला गेला हुतासा न्हवं? उसाचं बेणं बघाय?"

"गेलो हुतो की."

"मग हितं थायलंडचा शिक्का कसा?"

उमेदवार इस्त्रीसकट खुर्चीत बसला. "सोसायटीचं सगळं मंडळच चाललं हुतं," एवढंच तो म्हणाला.

"मंडळ गेलं तवा लोकं काय म्हणली?" राजेश्वरीनं पासपोर्ट त्याच्या पुढ्यात ठेवला. "बेणं बघाय बँकॉकला जातोय माणूस, त्येला भाच्यासाठी कांगो लांब हाय का? आई, ह्यांचं नाव घाला चिठ्ठीत."

ऋषिराजनं बापाकडं बघितलं. बाप आपल्याला वाचवेल, शब्दाची आठवण काढेल, अशी त्याला आशा होती. पण सुभेदार उठून आत गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कारखान्याचं जुनं कॅलेंडर आणि तांबडं पेन होतं.

"जायाचंच आसंल," ते म्हणाले, "तर शिस्तीत जायाचं."

आणि पाच वर्षं तुंबलेला कांगो बाहेर पडला.

कॅलेंडरच्या पाठीवर आफ्रिकेचा नकाशा आला. तो बराचसा डाळिंबासारखा दिसत होता. त्यावर बाण आले. "मुंबईवरनं आदिस अबाबा. तिथं इमान बदलायचं. घाबरायचं न्हाई, मिरजेला गाडी बदलतो तसंच आसतंय. रातभर न्हाई झोपायचं, सामानावर हात ठेवायचा." मग सामानाची यादी सुरू झाली. मच्छरदाणी, बॅटरी, जुलाबाच्या गोळ्या, चटणी दोन किलो. "स्वेटर दोन. कानटोपी. कांगोत थंडी लय वंगाळ, सकाळी हात बाहिर निघत न्हाईत. पाव्हणं, तुमचं घोंगडं द्या ह्येला."

'पाव्हणं' असं त्यांनी आता सरळ बाळासोंकडं बघून म्हटलं होतं. शंभूची मधली खुर्ची कधीच मोकळी झाली होती. बाळासोंनी घोंगडं काढून दिलं. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं होतं, आणि ते नातवापर्यंत जाणार म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता.

"अजून काय काय न्यायचं, तेवढं पोरास्नी इचारून घिऊ," बाळासो म्हणाले आणि त्यांनी आपला मोबाईल काढला. सुनेला व्हिडिओ कॉल लावला, आवाज मोठा केला आणि फोन डाळिंबाच्या खोक्याला टेकवून उभा केला.

"मामंजी, पोचलासा?" अंकिताचा आवाज आला.

पाच वर्षांनी त्या घरात तो आवाज उघड्यावर ऐकू येत होता. बनुबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. सुभेदारांनी पुन्हा पंख्याचा आसरा घेतला, पण यादी हातातून सोडली नाही.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमच्या सुनंला इचारा, स्वेटर दोन पुरतील का तीन लागतील."

पलीकडून अंकिता अगदी जपून बोलली. "मामंजी, त्यांना सांगा, हितं स्वेटर लागत न्हाई. घामानं दिवसात दोनदा कपडे बदलावे लागत्यात. आबा ज्या गावात हुते ते गोमा. ते डोंगरात, तलावाच्या काठाला. तिथनं किन्शासा म्हंजे सांगलीवरनं दिल्ली."

ऋषिराजनं खाली बघितलं. शंभूनं डाळिंब उचलून त्याची साल तपासायला घेतली. पंधरा वर्षं, गावच्या तीन पिढ्यांना, प्रत्येक लग्नात नि मयतीत सांगितलेला कांगो हा त्या देशाचा एक कोपराच निघाला होता.

"पाव्हणं," सुभेदार सावकाश म्हणाले, "तुमच्या सुनंला सांगा, देश एकच हाय."

"व्हय, देश एकच हाय," अंकिता लगेच म्हणाली, आणि बनुबाईला लेकीचा अभिमान वाटला.

"नदी केवढी गं तिथली?" बाळासोंनी विचारलं. जन्म दुष्काळी माळावर काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"लय मोठी, मामंजी. आपल्या कृष्णंसारख्या पंधरा-वीस शेजारी शेजारी ठेवल्या तर. पल्याडच्या काठाला दुसऱ्याच देशाची राजधानी हाय. सांजचं दिवं दिसत्यात."

"मग एवढं पाणी आसताना माझं पोरगं तिथं बोअर कशाला मारतंय?"

"पाणी नदीत हाय, मामंजी. नळात न्हाई."

"म्हंजे आपल्यावानीच की," बाळासो समाधानानं म्हणाले.

मग अंकितानं कामाचं विचारलं. कोण येणार? दादा म्हटल्यावर तिचा आवाज हलला. "दादा येणार? खरंच?" ऋषिराजलाही ते कुठंतरी लागलं असावं, कारण त्यानं मान हलवून "येतो गं" म्हटलं, आणि त्या क्षणी तो खरंच बोलला.

"पिवळ्या तापाची लस घ्यायला लागंल," ती सांगू लागली, "जायच्या आधी धा दिवस. त्याचं पिवळं कार्ड मिळतं. त्याबिगर हितं इमानतळावरनं सोडत न्हाईत. आन् दादा, पासपोर्टची मुदत बघा. सहा महिन्यांच्या वर पायजे."

राजेश्वरीनं पासपोर्ट उघडला. पहिल्या पानावरची तारीख तिनं वाचली, मग पुन्हा वाचली. "ह्यो येत्या मे महिन्यात संपतोय."

"मग नवा काढू, तातडीनं," शंभू म्हणाला.

"त्येला पोलिसांचा दाखला लागंल." ऋषिराज हळूच म्हणाला आणि त्याची नजर हॉलमधल्या भिंतीकडं गेली. तिथं त्याचा वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावलेला होता. ऊसदराच्या आंदोलनात महामार्गावर आडवा झोपलेला ऋषिराज, वर चार पोलीस. तो गुन्हा अजून कोर्टात होता. तीन वर्षं त्यानं प्रत्येक पाहुण्याला तो फोटो हौसेनं दाखवला होता. "कोर्टाची परवानगी काढाय लागंल. पुढची तारीख जूनला हाय."

फोनमधून लांबवर कुठंतरी गाडीचा भोंगा ऐकू आला. एक मामा फौजेनं अडवला होता, दुसरा स्वतःच रस्ता अडवून बसला होता. बनुबाईला वाटलं, संपलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. आता पाचवं वर्ष. तोपर्यंत आपण असू का, आणि असलो तरी तेव्हा कुणाला काय आठवेल? तिनं रिकामे कप गोळा करायला सुरुवात केली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

बाळासोंनी पागोटं काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि डोकं खाजवलं.

"आमच्याकडं एक हाय," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "मामा नसला, न्हाईतर लांब आसला, तर मामाचा बाप बसतुया. मामाची मांडी काय आभाळातनं पडत न्हाई. ती बी बापाच्याच मांडीवर वाढलेली आसती."

सुभेदार यादीवरून पेन फिरवत राहिले.

"पण आबांना आता लस टोचायची म्हंजे," शंभू म्हणाला, "साठीच्या पुढं डॉक्टर लय इचार करत्यात."

"आबांनी शांतिसेनेत जाताना घेतलीया की," फोनमधून अंकिता म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "आता नियम बदललाय. एकदा घेतली की जल्मभर चालती. ते जुनं कार्ड आसलं तर."

सगळ्यांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी तांबड्या पेनाला टोपण लावलं, कॅलेंडरची सुरळी केली. मग धोतराच्या कमरेत हात घालून करदोट्याची गाठ सोडली आणि पाच वर्षांत कुणाच्या हाताला न लागलेली किल्ली बनुबाईपुढं धरली.

"ट्रंकंत हाय कार्ड," ते म्हणाले. "तळाला हुडक."

ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. वर निळी टोपी होती. तिच्या खालीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिवळं कार्ड. बनुबाईनं ते घेतलं आणि झाकण लावायला गेली. मग थांबली. कार्ड तर वरच होतं. 'तळाला' का म्हणाले? हुकूम देताना सुभेदार कधी शब्द वाया घालवत नसत.

तिनं पदकांचा डबा बाजूला काढला, जुना गणवेश काढला. तळाला बदामी पाकीट होतं आणि पाकिटात दोन निळी बुकं, मघाशी ऋषिराजच्या कपाटातून निघालं तसलीच. पहिल्यात सुभेदारांचा फोटो. दुसऱ्यात एक बाई घाबरून समोर बघत होती. ही कोण, असं बनुबाईला क्षणभर खरंच वाटलं. मग तिनं आपल्या गळ्यातली बोरमाळ ओळखली.

सांगलीचं पोस्ट. भर उन्हाळा. "पेन्शनचं काम हाय, जोडीनं जायाला लागतंय," असं सांगून नेलं होतं. तिथल्या पोरीनं तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, खुर्चीत ताठ बसवून फोटो काढला. बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, "पेन्शनला धा बोटं लागत्यात व्हय?" आणि सुभेदार "नवा नियम हाय" म्हणून भडंग घ्यायला गेले होते. तिनं बुकातली तारीख शोधली. प्रांजल झाल्याची बातमी गोठ्यातल्या फोनवर आली, त्यानंतर पुरते दोन महिनेही झाले नव्हते. म्हणजे बातमी गोठ्याबाहेर गेली होती तर.

ती बाहेर आली. कार्ड आणि दोन्ही बुकं तिनं डाळिंबाच्या खोक्यावर ठेवली.

"ही माझ्या पेन्शनची बुकं," ती म्हणाली.

राजेश्वरीनं उघडून बघितलं आणि ती ऋषिराजपुढं धरली. ऋषिराजनं ती उलटून पाहिली. "आबा, तुमी तर शब्द दिला हुता. सगळ्या गावानं ऐकलाय."

"काय दिला हुता?" सुभेदारांचा आवाज परेडचा झाला. "ह्या उंबऱ्याच्या आत ती येणार न्हाई, म्हणलं हुतं. तिच्या उंबऱ्याला मी जाणार न्हाई, आसं कवा म्हणलं?"

बनुबाईला मात्र राग आला, तो आत मावेना. "तीन वर्सं," ती म्हणाली. "तीन वर्सं मी गोठ्यात उभी ऱ्हाऊन रडलेय. म्हसरांस्नी ठाव हाय. आन् तुमी बुकं काढून वर कुलूप घालून बसलासा? का गेला न्हाईसा?"

सुभेदारांनी पहिल्यांदाच पंख्याकडं बघितलं नाही. खाली, स्वतःच्या पायांकडं बघितलं.

"कुणी बोलावलंच न्हाई," ते म्हणाले. "लेकीच्या घरी, व्याह्याच्या दारात, बोलावल्याबिगर कसं जायाचं?"

बाळासोंनी गुडघ्यावरचं पागोटं उचललं, पुन्हा ठेवलं. "आन् आमी म्हणत हुतो," ते म्हणाले, "मुराळी आल्याबिगर सून माहेरला कशी धाडायची. न्यायला कुणी येतंय का, म्हणून वाट बघत बसलो."

दोन्ही म्हातारे आपापल्या घरी रीत सांभाळून बसले होते आणि मधल्या मधे पोर तिनाचं झालं होतं.

फोनमधून रडण्याचा आवाज येत होता. मग काहीतरी खडबडलं आणि पडद्यावर अगदी जवळ एक तोंड आलं, केस डोळ्यांवर, वर लाल रबर. "म्बोते," ते तोंड म्हणालं.

सुभेदार ताठ बसले. "जांबो," ते म्हणाले.

पोरगं गोंधळलं. अंकिता नाक पुसत हसली. "आबा, हितं जांबो म्हणत न्हाईत. ती भाषा तिकडं, तुमच्या गोमाकडं. हितं राम राम म्हंजे म्बोते."

"आसू दे," सुभेदार म्हणाले. पाहुण्याला मध्ये न घालता, सरळ फोनकडं बघून. "शिकीन मी."

थोड्या वेळानं बाळासोंनी पागोटं डोक्यावर चढवलं. एस.टी.ची वेळ होत आली होती. "मग चिठ्ठीत नाव घालाय सांगतो, सुबेदार. एकच न्हवं?"

"दोन घाला. हिला पुण्याला सुई टोचाय न्यायची. आधी डॉक्टरला वय सांगू, बघू काय म्हणतुया. पण नाव घाला." सुभेदारांनी कॅलेंडर पुन्हा उलगडलं आणि यादीतले दोन्ही स्वेटर तांबड्या पेनानं खोडले. घोंगडं राहू दिलं, आणि खाली दोन तारखा लिहिल्या. "जायाचं तिकीट पंधरा मार्च. येण्याचं एक एप्रिल."

बनुबाईनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. सातवी पास बाई ती, आयुष्यात तिनं तांबड्या पेनानं काही लिहिलं नव्हतं. तिनं वाकून शेवटची तारीख शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

"येण्याचं मी सांगीन तवा काढायचं," ती म्हणाली. "धा बोटं दिल्यात मी."